सुनेचा संयम आणि पडद्याचा वेग

‘काय म्हणालीस?’ हा मी नोकरी सांभाळून तयार केलेला एक छोटा प्रायोगिक गेम आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, एका सकाळी तो घडतो. उभी हयात यंत्रमागावर घालवून त्यापायी कान गमावून बसलेला सासरा आणि घरचे आवरून टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाण्याची घाई असलेली सून, अशी दोनच माणसे त्यात आहेत. पहिल्या भागात खेळणारा सासऱ्याच्या जागी असतो आणि दुसऱ्या भागात तीच सकाळ तो सुनेच्या बाजूने खेळतो. गुण नाहीत, हारजीत नाही. सासऱ्याला जागेवरून उठता येते, सुनेच्या तोंडाकडे पाहता येते, अंदाजाने उत्तर देता येते आणि ‘काय म्हणालीस?’ असे विचारता येते. हे शेवटचे विचारले की सुनेचा संयम थोडा कमी होतो.

गेमचा आराखडा ठरायला फारसा वेळ लागला नाही. खरा वेळ खाल्ला तो तांत्रिक दुरुस्त्यांनी, आणि त्या करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. शर्यतीच्या गेममध्ये गाडी भिंतीतून आरपार गेली तर खेळणारा हसतो आणि गेमला नावे ठेवतो. या गेममध्ये काही बिघडले, की खेळणारे गेमला काहीच बोलत नव्हते; ते सासऱ्याला किंवा सुनेला नावे ठेवत होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्यासाठी केलेल्या खेळात यंत्राचा दोष माणसाच्या स्वभावावर जाऊन बसतो, आणि खेळणारा तो स्वभाव मनाशी पक्का करून उठतो. त्यामुळे कोणती अडचण त्या माणसाच्या आयुष्यातली आहे आणि कोणती माझ्या प्रोग्राममधली, हे वेगळे काढणे हेच या दुरुस्त्यांचे खरे काम होते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सुनेच्या संयमाचे आहे. पडद्यावर दर सेकंदाला जी चित्रे उमटतात, त्यांतल्या प्रत्येक चित्राला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला, उरलेल्या संयमातला अर्धा टक्का वजा करायचा, असा पहिला हिशेब होता. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या माझ्या संगणकावर तीन सेकंदांनंतर सुनेकडे सुमारे ४१ टक्के संयम उरत असे आणि ते योग्य वाटत होते. सेकंदाला १२० फ्रेम दाखवणाऱ्या नव्या फोनवर त्याच तीन सेकंदांत फक्त १६ टक्के उरत होता, आणि जेमतेम ३० फ्रेम ओढणाऱ्या जुन्या फोनवर चक्क ६४ टक्के. परिणामी एका मैत्रिणीने खेळून झाल्यावर ‘सून फारच तोंडाळ दाखवली आहेस’ असा अभिप्राय दिला आणि तिच्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी आपल्या फोनवर खेळून ‘किती समजूतदार पोरगी आहे’ म्हटले. दोघींनी एकच गेम खेळला होता. महागड्या फोनवर चिडकी आणि स्वस्त फोनवर सोशीक अशी सून मी लिहिलेली नव्हती, पण दोघींच्या लेखी ती तशीच होती.

दुरुस्ती सोपी आहे आणि गेमच्या धंद्यातल्या कोणालाही ती ठाऊक असते. संयम फ्रेमनुसार नव्हे तर वेळेनुसार घटला पाहिजे. एका सेकंदानंतर ७४ टक्के उरावा असे ठरवले, तर मागच्या फ्रेमपासून सेकंदाचा जितका अंश गेला असेल, तितका ०.७४ चा घात काढायचा आणि उरलेल्या संयमाला त्याने गुणायचे. मग फ्रेम तीस असोत की एकशे वीस, तीन सेकंदांनंतर उत्तर एकच येते. याच हिशेबात आणखी एक खोच होती. वेळ मोजण्यासाठी सुरुवातीला घड्याळाची वेळ घेतली जात होती. त्यामुळे खेळताना फोन आला आणि दोन मिनिटांनी खेळणारा परतला, तर सून पाय आपटत निघून गेलेली असे. गेम थांबलेला असताना तिचाही वेळ थांबायला हवा, म्हणून घड्याळ सोडून, प्रत्यक्ष चाललेल्या फ्रेममधला वेळ तेवढा बेरजेत धरला.

दुसरा दोष बोटाच्या स्पर्शाचा. मी वापरते ते गोडो हे इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, स्पर्शाच्या पडद्यावर बोट टेकले की स्पर्शाची सूचना पाठवतेच, शिवाय माऊसचे बटण दाबल्याची नक्कलही करते. संगणकासाठी लिहिलेले गेम फोनवर चालावेत म्हणून ही सोय मुळातच चालू ठेवलेली असते. माझा प्रोग्राम दोन्ही सूचना ऐकत होता. फोनवर एकदा विचारलेले ‘काय म्हणालीस?’ दोनदा विचारल्याचे धरले जाई आणि सुनेचा संयमही दुप्पट खर्च होई. खेळणाऱ्याला पडद्यावर प्रश्न एकदाच दिसत असल्याने त्याची समजूत अशी होई, की एका साध्या प्रश्नाला ही बाई एवढी का वैतागली. एकाच प्रकारची सूचना ऐकायची, एवढाच यावरचा उपाय.

तिसऱ्या दोषाने तर सुनेला बोबडे केले. संवादाची अक्षरे एकामागून एक उमटत जावीत, अशी रचना होती. इंग्रजीत यात काही अडचण येत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह. देवनागरीत ‘क्ष’ हे संगणकाच्या लेखी तीन चिन्हांचे असते : क, हलन्त आणि ष. गोडोची मूळची पद्धत अशी, की आधी मजकूर तितक्या चिन्हांवर कापायचा आणि मग अक्षरांना आकार द्यायचा. त्यामुळे ‘शिक्षा’ हा शब्द उमटताना आधी ‘श’ दिसे, मग पहिली वेलांटी आली की तो दचकून उजवीकडे सरके, मग ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’ आणि मग एकाएकी ‘क्ष’. वाक्यभर ही धडपड चाले. ती बाई अडखळत बोलते, असा अर्थ एका मुलाने काढला आणि सासरा बहिरा व सून तोतरी अशी जोडी मी मुद्दाम जमवली आहे असे समजून त्याने त्याबद्दल माझे कौतुकही केले. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत आधी संपूर्ण मजकुराला आकार देऊन नंतर अक्षरे उघड करत जाण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर सून नीट बोलू लागली.

इथवरच्या दुरुस्त्या नेहमीच्याच होत्या. आवाजाची गोष्ट निराळी, कारण या गेमचा सगळा जीव आवाजात आहे.

मागाच्या गोंगाटाने जाणारे कान सगळे सारखे जात नाहीत. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या ठोकळ्याच्या, मागांनी भरलेल्या कारखान्यात ती सर्रास ओलांडली जाते. वर्षानुवर्षे असा आवाज कानावर आदळला की आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे वरच्या पट्टीतले ऐकणे जाते. खालच्या पट्टीतले बराच काळ शाबूत राहते. बोलण्यात स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो आणि स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, कोण बोलते आहे हेही कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही.

गेममध्ये याची सोय करणे अवघड नसावे, असे वाटले होते. वरच्या पट्टीतले आवाज अडवणारी चाळणी इंजिनात तयार मिळते. ती २००० हर्ट्झवर लावलेलीच असते. मात्र तिचा उतार फार सौम्य, सप्तकाला ६ डेसिबल इतकाच असतो, म्हणजे ४००० हर्ट्झवरचा ‘स’ थोडा हळू होतो, पण ऐकू येतोच. उतार २४ डेसिबल केल्यावर संवाद भिंतीपलीकडून आल्यासारखा झाला आणि संगणकावर सगळे मनासारखे जमले.

मग तो गेम ब्राउझरमध्ये चालेल असा तयार केला आणि सासरा बरा झाला. त्याला सगळे लख्ख ऐकू येऊ लागले. चूक दाखवणारा संदेश नाही, गेम बंद पडला नाही, काही नाही. ज्याच्यासाठी गेम केला तेवढीच गोष्ट गुपचूप नाहीशी झाली. खेळणाऱ्याला सुनेचे प्रत्येक वाक्य स्वच्छ ऐकू येत होते आणि तरीही सासरा ‘काय म्हणालीस?’ विचारत होता. बहिरेपणाचे सोंग करणारा म्हातारा अशी जी ख्याती अशा माणसांच्या वाट्याला घरोघरी येते, ती माझ्याच गेमने त्याला मिळवून दिली होती.

कारण शोधल्यावर ते इंजिनाच्या कागदपत्रांत सरळ लिहिलेले सापडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गोडो ४.३ पासून ब्राउझरसाठी एकाच धाग्यावर, म्हणजे सगळी कामे एकाच रांगेत उरकत, चालणारी आवृत्ती काढता येते. तिच्यात आवाज अडखळू नये म्हणून तो इंजिनात न मिसळता तयार नमुन्यांच्या रूपात ब्राउझरकडेच सोपवला जातो. इंजिनाच्या चाळण्या त्या वाटेवर येतच नाहीत, कारण ध्वनीवरचे कोणतेही संस्कार या पद्धतीत चालत नाहीत. ती पद्धत बंद करून जुन्या वाटेने आवाज पाठवता येतो. पण मग कमी ताकदीच्या फोनवर फ्रेमचा वेग उतरला की आवाज तडतडतो, आणि ती तडतड ऐकून खेळणाऱ्याला वाटते की मोडके श्रवणयंत्र दाखवले आहे.

शेवटी चाळणी गेममधून काढून टाकली आणि प्रत्येक संवादाच्या तीन ध्वनिफिती आधीच तयार करून ठेवल्या : सुनेला ऐकू येते तशी, सासऱ्याला शांत घरात ऐकू येते तशी, आणि मिक्सर चालू असताना ऐकू येते तशी. गेमचा आकार वाढला. पण एक फायदा असा झाला की इंजिनातल्या चाळणीला न जमणारी गोष्टही करता आली. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की तो एकदम बोचतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांतले अंतर आकुंचन पावलेले असते. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडतेस कशाला’ ही दोन वाक्ये एका मिनिटात एकाच माणसाच्या तोंडून येतात ती यामुळे. तयार ध्वनिफितीत हा चढ हाताने घालता आला. एक पथ्य पाळावे लागते : दोन फिती एकत्र वाजवून एकीतून दुसरीत हळूच जाता येत नाही, कारण चाळणीतून गेलेला आवाज सूक्ष्मसा मागे पडलेला असतो आणि दोन्ही मिसळले की नळीतून बोलल्यासारखा पोकळ नाद येतो. म्हणून फीत बदलते ती फक्त वाक्य संपल्यावर.

मागाचा आवाज मिळवणे हे वेगळेच प्रकरण ठरले. ओळखीच्या एका कारखान्यात फोनवर ध्वनिमुद्रण केले तर आवाज इतका मोठा, की लाटांची टोके छाटली जाऊन नुसता खरखराट हाती आला. शिवाय फोन स्वतःहून आवाज कमीजास्त करत असल्याने माग जणू दम लागून चालत होता. दाराबाहेर, गल्लीच्या पलीकडे उभे राहून घेतलेली फीत कामी आली. तो तुकडा सलग वाजत राहावा म्हणून धोट्याच्या पूर्ण फेऱ्या मोजूनच कापावा लागतो. नाहीतर दर काही सेकंदांनी एक ठोका चुकतो आणि ज्याने माग चालवला आहे त्याच्या ते तत्काळ लक्षात येते. एमपी३ मध्ये फितीच्या आरंभी व शेवटी बारीकशी शांतता चिकटते, म्हणून ती ऑग या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफाइलमध्ये ठेवली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालच्या पट्टीतले आवाज काढता येत नाहीत आणि मागाची घरघर तर तिथलीच. तिच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर हलकेच मिसळले, की मूळ घरघर स्पीकरमधून आलेली नसतानाही कान ती ऐकल्यासारखी जोडून घेतात. इथे कानाच्या या भाबडेपणाचा मला उपयोग झाला.

आता मजकुराकडे येते. ज्यांना मुळातच ऐकू येत नाही, किंवा जे गाडीत आवाज बंद करून खेळतात, त्यांनाही हा गेम खेळता यावा म्हणून सासऱ्याला जे ऐकू येते ते अक्षरांतही दिसले पाहिजे, असे ठरवले होते. मग प्रश्न आला की कोणती अक्षरे गाळायची. ध्वनिशास्त्राची यादी करत बसले असताना लक्षात आले की ती यादी शाळेतल्या व्याकरणात तयारच आहे. प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरे आणि श, ष, स अशी जी तेरा व्यंजने आपण ‘कठोर वर्ण’ म्हणून पाठ करतो, त्यांच्या उच्चारात घशातला नाद नसतो. नुसता श्वासाचा फटकारा किंवा घर्षण असते आणि म्हणून बहिऱ्या कानाला तीच आधी पारखी होतात. मृदू वर्णांत नाद असल्याने ते तगतात. त्या तेरांत मी ‘ह’ घातला आणि नियम केला की व्यंजन गाळायचे, पण त्याचा स्वर ठेवायचा, कारण स्वर ऐकू येतो.

पहिल्याच चाचणीत पडद्यावर तुटक रेषांची वर्तुळे उगवली. ‘साखर’मधला स् काढला तर काना मागे एकटा उरतो, आणि आधाराला व्यंजन नसलेली मात्रा किंवा वेलांटी दिसली की अक्षरांना आकार देणारी यंत्रणा तिच्या पोटाशी एक ठिपक्यांचे वर्तुळ काढते. लिहिणाऱ्याला चूक दिसावी म्हणून ती सोय आहे. इथे मात्र सासऱ्याच्या डोक्यात वर्तुळे फिरत आहेत असे दिसत होते. उपाय बाराखडीतच होता : सा गेला की आ, कू गेला की ऊ, मात्रा नसेल तर अ, आणि जोडाक्षरातले पाय मोडलेले व्यंजन असेल तर काहीच नाही. शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला ‘अ’ मात्र ठेवायचा नाही. ‘भात’मधला त गेल्यावर ‘भा’ उरतो, ‘भाअ’ नव्हे. शब्दाच्या मधोमध असा लपलेला ‘अ’ ओळखण्याचा पक्का नियम करणे कठीण असल्याने तसे शब्द हातानेच यादीत लिहिले.

हे प्रोग्राममध्ये घातले आणि सुनेची वाक्ये त्यातून काढून पाहिली, तेव्हा जे समोर आले ते मी लिहिलेल्या कथेपेक्षा चांगले होते. ‘मामा, चहात साखर टाकू का?’ या वाक्याचे झाले ‘मामा, अआ आअर आऊ आ?’ ‘औषध घेतलं का?’ याचे झाले ‘औअध घेलं आ?’ आणि ‘जेवायला या’ हे वाक्य मात्र जसेच्या तसे उरले. ज, व, य, ल, य : त्यात एकही कठोर वर्ण नाही. ‘दार लावून घ्या’ हेही तसेच्या तसे आले. म्हातारा माणूस औषधाचे विचारले की बहिरा होतो आणि जेवायला बोलावले की बरोबर ऐकतो, हा टोमणा मी कित्येक घरांत ऐकला आहे. माझ्या आजोळीही तो रोजचा होता. गेममध्ये तो प्रसंग मी घातलेलाच नव्हता. नियम नीट चालू लागल्यावर तो आपोआप घडला आणि पहिल्या भागात ‘औअध’शी झटापट केलेल्या खेळणाऱ्याला दुसऱ्या भागात सुनेच्या तोंडी तोच टोमणा मिळतो. हा संवाद नंतर जोडला. गेममधली माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे.

पुढे हा गेम आमच्या गल्लीतल्या अण्णांना दाखवला. ते टॉवेलच्या मागावरून निवृत्त झाले आहेत आणि गेममधल्या सासऱ्याशी त्यांचे कान बरेच जुळतात. फोनवर बोट कुठे टेकायचे हे त्यांच्या नातवाने सांगितले. थोडा वेळ खेळून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

‘पोरी, ही बाई तोंड हलवतंय, बोलत नाही,’ ते म्हणाले.

‘बोलते अण्णा, आवाज वाढवू का?’

‘आवाजाचं नाही गं. कारखान्यात आवाज कुठं यायचा? तोंडाकडं बघून कळायचं. हिचं तोंड नुसतं उघड-मीट, उघड-मीट. माशावाणी.’

सुनेच्या तोंडाची मी दोनच चित्रे काढली होती, एक मिटलेले आणि एक उघडे, आणि ती आवाज चालू असेतो आलटून पालटून दाखवली जात होती. ऐकू येणाऱ्या कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते, कारण आपण तोंडाकडे पाहतच नाही. पण ‘तोंडाकडे पाहणे’ ही सासऱ्याला दिलेल्या चार गोष्टींपैकी एक होती आणि ज्याला ती खरोखर येते, त्याच्यासाठी ती खोटी होती. आता मिटलेल्या ओठांचे चित्र प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांनाच येते. आ ला मोठे उघडे तोंड, इ आणि ए ला फाकलेले ओठ, उ आणि ओ ला चंबू, आणि बाकी सगळ्यांना अर्धवट उघडे. कोणते चित्र केव्हा यायचे हे संवादाच्या अक्षरांवरून ठरते आणि फितीच्या लांबीशी जुळवून घेतले जाते. त्याला धरून मजकुराचा नियमही बदलला : सून सासऱ्याकडे तोंड करून बोलली तर प आणि फ परत येतात, पण फिकट, कारण ओठांवरून ‘पाणी’ आणि ‘माणी’ यांत फरक कळत नाही, तो संदर्भाने लावावा लागतो. तिने ओट्याकडे तोंड फिरवले की प गेला.

आपण स्वतः न भोगलेल्या गोष्टीचा गेम करून इतरांना तिचा अनुभव दिला असे म्हणावे का, हा प्रश्न माझ्या आधी अनेकांनी विचारला आहे. अ‍ॅना अँथ्रोपी या अमेरिकी गेमकर्तीने २०१२ मध्ये आपल्या संप्रेरक-उपचारांवर एक छोटा गेम केला. तो खेळून लोक तिचे जगणे समजल्याचा दावा करू लागले, तेव्हा तिने २०१५ मध्ये आपले जुने बूट आणि पावले मोजणारे यंत्र प्रदर्शनात मांडले : घाला, मैलभर चाला आणि गुण मिळवा. तिचा चिमटा मला पटतो. वीस मिनिटे कठोर वर्ण गाळून वाचल्याने कोणाला अण्णांचे कान मिळत नाहीत. पण खेळणारा त्यांच्याबद्दल खोटी गोष्ट शिकून उठू नये, एवढे तरी माझ्या हातात आहे, आणि ते प्रोग्राममधल्या बारीकसारीक चुका काढण्यावरच अवलंबून आहे.

याच कारणाने काही अडचणी मी दुरुस्त केल्या नाहीत. अनेकांनी ‘संपूर्ण संवाद दाखवा’ असे बटण मागितले. ते पहिल्या भागात नाही. मिक्सर बंद करायला सांगण्याचा पर्याय सासऱ्याला का नाही, असेही विचारले गेले. तो आहे, पण त्यासाठी त्याला खाटेवरून उठून ओट्यापर्यंत जावे लागते आणि त्याचे चालणे सावकाश आहे. ते चालणे कंटाळवाणे वाटते, वेग वाढवा, असा आग्रह झाला. वेग तसाच ठेवला आहे. फक्त तो सगळ्या फोनवर सारखाच सावकाश राहील, एवढे पाहिले.

काही कामे अजून शिल्लक आहेत. आयफोनच्या काही मॉडेलवर कडेचे शांततेचे बटण दाबलेले असले की ब्राउझरमधल्या गेमचा आवाज पूर्ण बंद होतो. त्या फोनवर पहिल्याच पडद्यावर तशी सूचना द्यावी लागेल, नाहीतर सुनेलाही काही ऐकू येत नाही असे दिसते. ब्लूटूथच्या इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि मोठ्या कष्टाने जुळवलेले ओठ पुन्हा निखळतात. तिथे ओठ मागे खेचण्यासाठी एक सरकपट्टी देण्याचा विचार आहे.

सर्वांत मोठे काम तेलुगूचे आहे. पूर्व भागातल्या ज्या घरांवर हा गेम बेतला आहे, तिथे सासरा आणि सून आपसात बहुधा तेलुगूच बोलतील. अण्णांच्या सुनेने संवाद बोलून द्यायचे कबूल केले आहे. वर्णांची कठोर-मृदू अशी वाटणी तेलुगूलाही लागू पडते, त्यामुळे गाळायच्या अक्षरांची यादी जवळपास तीच राहील. पण तेलुगू शब्द सहसा स्वरावर संपतात आणि शेवटचा ‘अ’ तिथे स्पष्ट उच्चारला जातो, म्हणून ‘भात’साठी केलेला नियम काढून टाकावा लागेल. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन तेलुगू लिपीत पहिल्याच्या खाली लिहितात. वरचे गाळून खालचे ठेवायचे झाले तर ते वर आणून पूर्ण आकारात लिहावे लागेल. तेवढ्यासाठी अक्षरे तोडणारा भाग नव्याने लिहायला घेतला आहे.